सोसायटीच्या बागेत मधमाश्या-फुलपाखरांची मोजणी : बागवाल्यांना सामील कसं करून घ्यायचं?

काळीमाती (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या मागे कंपाउंडलगत एक मोकळी पट्टी आहे. काही घरांनी मिळून तिथे वाफे पाडलेत. दुधी, दोडका, वांगी, टोमॅटो, मेथी-कोथिंबीर, कडेला तुळस आणि गोकर्ण. पाणी घालायच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, ओल्या कचऱ्याचं खत तिथल्या तिथेच होतं. बाग छान चालली आहे. तक्रार एकच, आणि ती सारखी कानावर येते: वेलाला फुलं भरपूर येतात, बारकी फळं दिसतात, बोटाएवढी होतात आणि पिवळी पडून गळतात. मग कुणी खत वाढवतं, कुणी फवारणी करतं. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. मादीफुलापर्यंत पराग पोचलेलेच नसतात. (फळमाशीमुळेही फळं गळतात, पण तेव्हा फळावर टोचल्याची खूण असते आणि चिरलं की आत अळ्या सापडतात.)

म्हणून मला वाटतं, आपल्या बागेत पराग वाहून नेणारं कोण येतं आणि किती येतं, हे आधी मोजलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१७ पासून साधी माणसं अशी मोजणी करतात. पद्धत सोपी आहे. अर्धा मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, त्यात एकाच झाडाची फुलं निवडायची, किती फुलं उमललीत ते लिहायचं आणि १० मिनिटं त्या फुलांवर उतरणारा प्रत्येक कीटक गटाप्रमाणे मोजायचा. जात ओळखायची गरज नाही. माशी, मधमाशी, भुंगा, फुलपाखरू एवढं कळलं की काम होतं.

अडचण माणसांची आहे. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. पण रविवारी सकाळी चौकोनापुढे दहा मिनिटं बसायला कोण येणार? कुणी असं काही चालवलं आहे का? लोक कशामुळे येतात, कशामुळे टिकतात? आणि आपल्याकडच्या कीटकांसाठी कोणते गट धरावेत?

गोकर्ण (ठाणे)

फार चांगला विषय काढलात. माझा अनुभव गच्चीवरच्या बागेचा आहे, पण माणसं सगळीकडे सारखीच.

'निसर्ग वाचवा' म्हटलं की लोक हो म्हणतात आणि घरी जातात. 'तुमचा दुधी का गळतो ते बघू या' म्हटलं की चपला घालून खाली येतात. सुरुवात भाजीपासूनच करा.

त्यासाठी आधी प्रत्येकाला नरफूल आणि मादीफूल ओळखायला शिकवा. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नरफुलाला नुसता देठ. आमच्याकडे वर्षानुवर्षं भोपळा लावणाऱ्या एका काकूंना हे दाखवलं, तर त्या उन्हात तशाच उभ्या राहून सगळा वेल तपासत बसल्या. त्या दिवसापासून मोजणीला त्या सगळ्यांच्या आधी हजर असतात.

दुसरं, मोजणी वेगळा कार्यक्रम म्हणून ठेवू नका. पाणी घालायची पाळी ज्याची, दहा मिनिटांची मोजणीही त्याचीच. तक्ता पाण्याच्या नळाजवळच टांगा.

शिंजीर (नाशिक)

कीटकशास्त्र शिकतोय, म्हणून गटांबद्दल लिहितो.

पुण्यासाठी हे गट पुरतील. आग्या मधमाशी सगळ्यांत मोठी, जवळजवळ पाऊण इंच. सातेरी तिच्याहून बरीच लहान, पोटावर पट्टे. फुलोरी आणखी लहान, पोटाचा वरचा भाग विटकरी-तांबूस. त्यानंतर डंख नसलेली काळी माशी, ही मुंगीएवढी असते आणि भिंतीच्या फटीत डिंकासारख्या पदार्थाची नळी करून राहते. पेट्यांतून पाळतात ती युरोपीय मधमाशी सातेरीसारखीच दिसते. जवळपास कुणाच्या पेट्या असतील आणि फरक कळत नसेल, तर दोन्ही एकाच रकान्यात घाला. पुढे मोठा काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी, 'इतर एकट्या राहणाऱ्या माश्या', गांधीलमाश्या, 'दोन पंखांच्या माश्या' (घरमाशीच्या कुळातल्या, मधमाशीला चार पंख असतात), फुलपाखरं-पतंग, ढालकिडे, मुंग्या. शेवटी पक्ष्यांचा एक रकाना ठेवा, शिंजीर येतोच.

सगळ्यात जास्त घोटाळा दोन पंखांच्या माश्यांचा होतो. काहींच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे असतात, त्यामुळे लोक त्यांना मधमाशी म्हणून मोजतात. ओळखायची खूण: डोळे डोक्याएवढे मोठे, मिशा जेमतेम दिसतील इतक्या आखूड, आणि हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहते. हिची ओळख बागवाल्यांना जरूर करून द्या. यांतल्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात. मेथीवरच्या माव्याने वैतागलेल्या माणसाला हे सांगितलं की फवारणीचा पंप उचलायच्या आधी तो दोनदा विचार करतो.

नुसती मधमाशी मोजून भागणार नाही, याचं एक पक्कं कारण तुमच्याच वाफ्यात आहे. वांगं आणि टोमॅटो. यांचे पराग नळीसारख्या परागकोषात बंद असतात. ते बाहेर पडायला फूल थरथरवावं लागतं. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू कंप पावायला लावतात. कान दिला तर आवाज एकदम चढलेला ऐकू येतो. आपल्या मधमाश्यांना हे जमत नाही. टोमॅटो वाऱ्यानेही थोडाफार धरतो, पण अशी माशी आली की फळ चांगलं भरतं.

ताकभात (पुणे)

उपक्रमाला विरोध नाही, दोन शंका आहेत. ज्यांना सातेरी आणि फुलोरीतला फरक कळत नाही, त्यांच्या आकड्यांना किंमत काय? आणि सोसायटीत लहान मुलं असतात. आमच्या इमारतीला गेल्या वर्षी आग्यामोहोळ लागलं होतं. लोक इतके घाबरले की खिडक्या उघडेनात. अशा ठिकाणी 'मधमाश्यांना बोलवू या' म्हणणं सोपं नाही.

शिंजीर (नाशिक)

@ताकभात, दोन्ही शंका रास्त आहेत.

आकड्यांचं आधी. शंका आली तर वरच्या मोठ्या गटात टाकायचं, हा नियम ठेवा. सातेरी की फुलोरी कळलं नाही, 'मधमाशी' लिहा. तेही कळलं नाही, 'कीटक' लिहा. अंदाजाने नाव घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शिवाय तुम्हाला जातींची यादी करायची नाही, त्याच जागी, त्याच वेळी, त्याच फुलावर पुढच्या वर्षी जास्त येतात की कमी, हे बघायचं आहे. त्यासाठी पद्धत न बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. चौकोनातल्या चौकोनात या फुलावरून त्या फुलावर जाणारी माशी एकदाच मोजा.

आणि कृपा करून शून्य लिहायला शिकवा. दहा मिनिटांत काहीच आलं नाही तर लोक कागद टाकून देतात, त्यांना वाटतं आपलं चुकलं. मग तक्त्यात फक्त चांगले दिवस उरतात आणि बाग आहे त्यापेक्षा भरलेली दिसते. ज्या वाफ्यात सारखं शून्य येतं, तिथेच तर काहीतरी करायचं आहे.

डोंगरमाथा (सातारा)

मधपाळ आहे. डंखाबद्दल मी बोलतो.

फुलावर बसलेली माशी कामात असते. तुम्ही तिला चिमटीत धरलं किंवा पायाखाली दाबलं तरच ती डसते. धोका पोळ्याजवळ असतो, फुलाजवळ नाही. त्यामुळे मोजणी फुलापाशी, पोळ्यापासून दूर. अनवाणी यायचं नाही, उग्र अत्तर लावायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी तक्ता लिहायचं काम घ्यावं, चौकोनापुढे बसू नये.

इमारतीला आग्यामोहोळ लागलं तर पहिल्यांदा त्या बाजूचे मोठे दिवे बंद करा. आग्या रात्री उजेडाकडे येते आणि मग घरात शिरून गोंधळ होतो. दगड मारणं, धूर करणं, रात्री पाणी मारणं हे प्रकार करू नका, त्यानेच माणसं जखमी होतात. या माश्या एका जागी कायम राहत नाहीत. हंगाम संपला की अख्खी वसाहत पोळं सोडून निघून जाते. पोळं येण्याजाण्याच्या वाटेपासून उंच असेल तर थांबणं शक्य असतं. दारात किंवा खिडकीलाच असेल तर जिवंत हलवणारा जाणकार बोलवा. विष मारून पोळं पाडायची घाई बघवत नाही. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिच्याच शहरात हे होतं याचं मला फार वाईट वाटतं.

एक आणखी. पुष्कळ जण २० मे हा जागतिक मधमाशी दिन धरून कार्यक्रम ठेवतात. दिवस चांगला आहे. स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शा या मधपाळाच्या जन्मदिवसावरून संयुक्त राष्ट्रांनी तो ठरवला, २०१८ पासून साजरा होतो. पण आपल्याकडे मेमध्ये माळ करपलेले असतात, माणसं गावाला गेलेली असतात. मोजणी पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात करा. दुसरी फाल्गुनात, पांगारा-पळस-सावर फुललेले असताना. महाबळेश्वरजवळचं आमच्या भागातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून पुढे आलं, त्याच्या मुळाशी हेच आहे: कुठलं झाड कधी फुलतं हे लोकांना तोंडपाठ आहे.

अटलांटाकर (अमेरिका)

इथल्या जॉर्जिया राज्यात नेमकी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१९ पासून दर ऑगस्टमध्ये राज्यभर परागवाहकांची गणना होते. जॉर्जिया विद्यापीठाच्या विस्तार विभागाने ती सुरू केली, आपल्या कृषी विद्यापीठांची शेतकऱ्यांसाठी विस्तार केंद्रं असतात तसाच हा विभाग. पुढे २०२२ मध्ये दक्षिण कॅरोलायना आणि २०२३ मध्ये उत्तर कॅरोलायना सामील झालं. एक झाड निवडायचं, १५ मिनिटं बसायचं. गट फक्त आठ: सुतारभुंगे, बंबलबी (जाडजूड, केसाळ माशी), मधमाश्या, लहान माश्या, गांधीलमाश्या, दोन पंखांच्या माश्या, फुलपाखरं-पतंग आणि बाकीचे कीटक. आठच असल्यामुळे सहा वर्षांच्या मुलालाही जमतं. शिंजीर यांची यादी उत्तम आहे, पण पहिल्या वर्षी थोडी आखडती घ्या असं सुचवेन.

दिवस शुक्रवार आणि शनिवार ठेवतात. शुक्रवारी शाळा, शनिवारी घरं आणि सामुदायिक बागा. आमच्या वसाहतीच्या बागेत भारतीय कुटुंबं बरीच आहेत, प्रत्येकाच्या वाफ्यात तुळस आणि मेथी. मोजणीच्या दिवशी फुललेल्या तुळशीपुढे बसायला रांग लागते, कारण तिथे क्षणभरही रिकामं जात नाही. नवीन माणसाला आधी अशाच झाडापुढे बसवावं. पहिल्याच खेपेला शून्य आलं तर तो परत येत नाही.

इथला आणि तिथला एक मोठा फरक लक्षात घ्या. इथे मधमाशी मूळची नाही, सतराव्या शतकात युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी ती आणली. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी तिन्ही अस्सल इथल्या. त्यामुळे इथले तक्ते जसेच्या तसे उचलू नका.

चिखलवाट (बुलढाणा)

शेतकरी आहे, कांद्याचं बी घेतो. तुम्हा शहरातल्या लोकांना हे सुचलं याचा आनंद वाटला.

कांद्याच्या गोंड्यावर माशी आली नाही तर बी भरत नाही, गोंडा पोकळ राहतो. आमच्याकडे त्यासाठी पेट्या भाड्याने आणतात. पूर्वी बांधावर बाभळी होत्या, बोरी होत्या, निंबावर फुलोरीचं पोळं असायचं. बांध गेले, तणनाशक आलं, आणि आता माशी पैसे देऊन आणायची वेळ आली. माझ्या मनात ही गोष्ट सलते.

फवारणीबद्दल एवढं सांगतो. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडात भिनतात. वरून धुतली म्हणून जात नाहीत, परागात आणि मधुरसातही उतरतात. फुलोऱ्यात ती अजिबात मारू नयेत. निंबोळी अर्क मारायचा तर तोही दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्यावर. तुमच्या बागेत दहा घरं असली तर एकट्याने नियम पाळून उपयोग नाही. सगळ्यांनी मिळून लिहून ठेवा की फुलावर आलेल्या वाफ्यात फवारणी नाही.

काळीमाती (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. @चिखलवाट दादा, तुमचा नियम आजच सूचनाफलकावर लावतो.

काल सकाळी आणि संध्याकाळी वेलांपाशी बसून पाहिलं, त्यावरून एक लिहितो. मोजणीची वेळ झाडाप्रमाणे बदलावी लागणार. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहा वाजेपर्यंत मिटायला लागतं. घोसाळंही सकाळचं, त्यावर भुंगे येतात. आणि त्याचा सख्खा भाऊ दोडका मात्र उन्हं उतरल्यावर उमलतो. दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचं, पडवळ तर रात्रीचाच. अकरा वाजता दुधीपुढे चौकोन मांडला तर काही दिसणारच नाही. दिवेलागणीला दुधीवर मोठा पतंग आला. बसला नाही, हवेतच उभं राहून लांब सोंड फुलात घातली आणि दोन श्वासांत पुढच्या फुलावर.

तुळशीच्या वाळक्या काडीवर संध्याकाळी आणखी एक दिसलं. निळ्या पट्ट्यांच्या चार माश्या एका रेषेत, प्रत्येकीने जबड्याने काडी घट्ट धरलेली, पाय पोटाशी घेतलेले, अंग आडवं. तशाच झोपल्या होत्या. शेजारच्या आजोबांना दाखवलं, त्यांनी नातीला बोलावलं, तिने आख्ख्या विंगला. मंजिऱ्या खुडून तुळस स्वच्छ ठेवायची सवय आहे आम्हा सगळ्यांना. आजोबांनी स्वतःच सांगितलं, अर्ध्या मंजिऱ्या राहू देत आणि ही काडी कुणी तोडायची नाही.

शिंजीर (नाशिक)

वा! त्या बहुतेक नर असणार. माद्या जमिनीत बीळ करून राहतात, नर असे काडीवर रात्र काढतात.

यावरून या माश्यांना आधार कसा द्यायचा, तो मुद्दा. लोक लगेच फुलझाडं आणायला निघतात. फुलं हवीतच, पण घरंही हवीत. जगातल्या मधमाशीकुळातल्या २०,०००हून अधिक जातींपैकी बहुसंख्य जाती मातीत घरं करतात. म्हणून कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवा. फरशी नको, प्लास्टिकचं आच्छादन नको, रोजचं पाणी नको, उन्हाची बाजू हवी.

आणि गुलाबाच्या पानांच्या कडेला गोल गोल काप दिसले तर औषध मारू नका. ती पानकापी माशी आहे. ती पान खात नाही, तुकडे नेऊन पिल्लांसाठी खोल्या बांधते. गुलाबाचं काही बिघडत नाही.

गोकर्ण (ठाणे)

फुलझाडांबद्दल माझी भर. गच्च पाकळ्यांचे संकरित झेंडू आणि दुहेरी जास्वंद दिसायला भरदार, पण पुष्कळदा कीटकाला आत शिरायला वाटच नसते. साधी, एकेरी फुलं लावा. कोथिंबीर, बडीशेप, मुळा यांतली दोन-चार रोपं काढू नका, फुलू द्या. कडेची एकदांडी तण म्हणून उपटतात, तिच्यावर बारक्या माश्या आणि फुलपाखरं दिवसभर असतात.

फुलपाखरांना अळीसाठीही झाड लागतं. कढीपत्ता आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती पुढे हिरवी होते. तिला चिरडू नका असं मुलांना सांगा. एक फांदी तिच्या नावाने सोडून दिली तरी कढीपत्त्याला काही होत नाही. रुई असेल तर काढू नका.

ताकभात (पुणे)

शंकांची नीट उत्तरं मिळाली, धन्यवाद. आमच्या सोसायटीतही सुरू करायचं म्हणतो. माश्यांना घर म्हणून बांबूच्या नळ्या टांगतात ते कसं करायचं? बाजारात तयार मिळतात त्या घ्याव्यात का?

शिंजीर (नाशिक)

घरीच करा. बांबूचे वीतभर लांब तुकडे, पोकळी पेन्सिल जाईल एवढी, काही त्याहून थोडी मोठी. एक टोक पेराने बंदच असलं पाहिजे, दुसरं उघडं. तोंडाशी कूस राहू देऊ नका, पंख फाटतात. जुडी बांधून पूर्वेकडे तोंड करून, पावसाचा मारा लागणार नाही अशी घट्ट बसवा. वाऱ्याने डोलणारी नको. तोंड मातीने किंवा पानाने लिंपलेलं दिसलं की आत कुणीतरी राहायला आलं. जुन्या नळ्या दरवर्षी बदला, नाहीतर परजीवी साठतात. जुडी लहान ठेवा. नळ्यांच्या मोठ्या तयार घरांत, म्हणजे 'हॉटेलां'त, रोग आणि परजीवी लवकर पसरतात.

काळीमाती (पुणे)

ठरलं ते लिहितो. पहिली मोजणी गणपती झाल्यावरच्या रविवारी. सकाळी सात ते नऊ भोपळा, घोसाळं आणि तुळस. साडेनऊनंतर वांगं आणि टोमॅटो. संध्याकाळी दुधी आणि दोडका. संध्याकाळची पाळी त्याच आजोबांनी आणि त्यांच्या नातीने मागून घेतली. पहिल्या वर्षी आठ गट, शिंजीर यांच्या यादीतले आग्या-सातेरी-फुलोरी एकाच रकान्यात. तक्ता नळाजवळ, शून्यासह. फुलोऱ्यातल्या वाफ्यात फवारणी बंद, यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत.

@अटलांटाकर ताई, तुमच्याकडच्या सूचनापत्रात चित्रं कशी मांडली आहेत तेवढं कळवा. इथल्या कीटकांचे फोटो शिंजीर देतो म्हणाले आहेत, मराठी नावांसह एका पानाचा कागद करून इथेच टाकतो. ज्याला हवा त्याने छापून घ्यावा.

डोंगरमाथा (सातारा)

मोजणीच्या आदल्या दिवशी उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा आणि ते रोज बदला. माश्या खड्यावर बसून पाणी पितात, नुसत्या खोल भांड्यात बुडतात. रविवारी पाऊस असेल तर मोजणी पुढे ढकला, ओल्या फुलांवर आकडे भलतेच कमी येतात.